लहू पाण्याखाली असताना

सगुणा हट्टी होती, हे मढच्या कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागत नसे. पापलेटचा भाव एकदा तिच्या तोंडातून गेला की गेला. मग समोर बंगल्यातली शेठाणी उभी असो नाहीतर फौजदाराची बायको, खाली उतरायचं नाव नाही. लग्नसुद्धा तिनं हट्टानंच केलं. बापानं वेसाव्याचं चांगलं होडीवालं स्थळ आणलं होतं, आणि हिनं पसंत केला लहू, ज्याच्या नावावर होडी राहू द्या, साधं वल्हंसुद्धा नव्हतं. दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचा. बाप म्हणाला, अगं त्याच्यात पाहिलंस तरी काय? सगुणा म्हणाली, तो हसवतो. बापानं कपाळाला हात लावला आणि लग्न लावून दिलं.

लग्नात सासूनं, मंजुळानं, जुनी रीत करायला लावली. नवरीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून दर्याला द्यायच्या. बांगड्या तू घे आणि धनी तू सांभाळ, असा हा दर्याशी केलेला करार. म्हणून जुन्या कोळणींच्या डाव्या हातात तेवढ्या बांगड्या असतात. नव्या पोरी असल्या रीतीला नाकं मुरडायला लागल्या होत्या, पण सगुणानं निमूट उजवा हात पुढं केला. आता मंजुळानं स्वतः लग्नात बांगड्या दिल्याच होत्या, तरी तिचा नवरा दर्यातच गेला होता. पण हे कुणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं तर माणसानं होडीत पाय तरी कसा टाकायचा?

लग्नाला पाच वर्षं झाली, पोर झालं नाही, आणि तरी घर कसं भरल्यासारखं होतं. लहू घरात असला की तीन माणसांची तेरा वाटायची. पाटलाची चाल, मास्तरांचं नाक शिंकरणं, बंगल्यावर येणाऱ्या शेठ लोकांचं वाळूत बूट घालून चालणं, सगळं तो करून दाखवायचा. मंजुळा तोंडानं मेल्या, मुडद्या म्हणायची आणि पदरात तोंड घालून हसायची.

मढला तेव्हा शूटिंगवाल्यांची ये-जा असायची. कुणी ना कुणी बंगला भाड्यानं घ्यायचं, दोन दिवस दिवे लावून गोंधळ घालायचं आणि जायचं. सिनेमावाल्यांचं गावाला काही वाटेनासं झालं होतं. पण टीव्ही नवा होता. मुंबईत येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये एक संच आला होता. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, दाराला कुलूप, आणि किल्ली अनंताकडे. लहू ज्या होडीवर जायचा तिथलाच अनंता हा खलाशी. किल्ली हातात आल्यापासून त्याची मान दोन बोटं उंच झाली होती.

तर अशात टीव्हीवाले आले. ‘बंगला भाड्याने’ नावाची त्यांची विनोदी नाटिका होती. दादरचा एक जाडजूड साहेब बायकापोरं घेऊन मढला हवा खायला येतो आणि त्याची पावलोपावली फजिती होते, एवढीच गोष्ट. ओहोटीला होडी किनाऱ्याला लागत नाही, चिखलपाण्यातून माणसाला पाठुंगळीला घेऊन आणावं लागतं. आमच्याकडे ते रोजचंच आहे. तेच त्यांना दाखवायचं होतं आणि त्याला खरा कोळी हवा होता. लहू काय, बोलवायच्या आधीच पुढं जाऊन उभा.

त्याला सांगितलं होतं ते एवढंच: साहेबाला पाठीवर घे, चार पावलं चाल, अडखळून पड, पाण्याखाली जा आणि लगेच वर ये. लहू पडला झकास. साहेब कंबरभर पाण्यात उभा राहिला, टोपी तिरकी, चष्मा गायब. आणि लहू वर येईचना. साहेबाचं काम करणारा नट जुना, मुरलेला माणूस. तो थांबला नाही. "अहो कोळीबुवा?" असं म्हणत त्यानं पाण्यात इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, छत्रीनं पाणी ढवळलं, स्वतःच्या कोटाचे खिसेसुद्धा चाचपले. शूटिंगवाल्यांचे चेहरे पांढरे पडायला लागले. आणि तेवढ्यात साहेबाच्या पाठीमागून लहू सावकाश वर आला. नाकावर साहेबाचा चष्मा. अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, कोनाला शोधता?"

हे त्याचं त्यानंच रचलेलं होतं. कागदावर यातलं काही नव्हतं. टीव्हीवाल्यांनी तसंच्या तसं ठेवलं.

पहिल्यांदा दाखवलं त्या संध्याकाळी सगळा कोळीवाडा हॉलमध्ये कोंबलेला. लहू पडद्यावर पाण्याखाली गेला तशी बायकांनी छातीला हात लावले, आणि चष्मा लावून वर आला तसा असा हशा उठला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. गावात मथुरा म्हणून एक अंगानं दांडगी म्हावरेवाली होती. तिचं हसणं म्हणजे इंजिन सुरू व्हावं तसं. आधी खर्जात गुरगुर, मग अंग हलायला लागायचं आणि मग सगळ्या हॉलला ओढून न्यायचं. ती त्या दिवशी भिंतीला टेकून रडेपर्यंत हसली.

सात-आठ महिन्यांनी लोकांच्या आग्रहावरून तीच नाटिका परत दाखवली. सगुणाला वाटलं होतं, आता काय कुणी यायचं? एकदा बघितलेलं परत कोण बघणार? पण आधीच्यापेक्षा जास्त माणसं आली. आणि या वेळी गंमत अशी झाली की लहू वर यायची कुणी वाटच पाहिली नाही. तो पाण्याखाली गेला आणि मथुराचं इंजिन तिथंच सुरू झालं. साहेब "कोळीबुवा?" म्हणतोय आणि हॉल नुसता लोळतोय. खिसे चाचपले तेव्हा पाटील, धोंडिराम पाटील, जो स्वतःच्या मुलाच्या हळदीतसुद्धा हसला नव्हता, तो डोळे पुसत होता. लहू वर आला तेव्हा त्याचं बोलणं कुणाला ऐकूसुद्धा आलं नाही.

घरी जाताना सगुणानं त्याला विचारलं, हे कसं रे? शिळं म्हावरं कुणी खात नाही आणि शिळं हसू लोक मागून घेतात? लहूनं जरा विचार केला. मस्करी सोडून बोलायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी बोलला. "पयल्या टायमाला त्यांना म्हायत नव्हतं मी कुठं हाय ते. जीव वर-खाली होत होता. मग मी आलो, मग हसले. आता सगळ्यांना म्हायत हाय, लहू खाली मजेत बसलाय आणि येणार हाय. एकट्या साहेबाला म्हायत नाय. म्हायत असतं म्हणून तर हसतात, येडे. जो येणारच हाय त्याची वाट बघायला मजा वाटते." मग परत त्याच्यातला वात्रटपणा जागा झाला आणि म्हणाला, तिसऱ्या टायमाला साहेब होडीतून उतरायच्या आधीच हसतील बघ.

पण या कौतुकानं त्याला एक खोड लागली. दर्यावर, खाडीत, किनाऱ्यावर, कुठंही पाण्यात उतरला की बुडी मारून बसायचा. होडीवरचे लोक ओरडायचे, कोळीबुवा, अहो कोळीबुवा! आणि हा दुसऱ्या बाजूनं डोकं काढायचा. सगुणानं एकदा भर किनाऱ्यावर त्याला चार शिव्या हासडल्या. तुझ्या छातीत काय भाता बसवलाय का, म्हणाली. तो ऐकणाऱ्यातला नव्हता.

पुढच्या मे महिन्यात ते झालं. वादळ नाही, वारा नाही, दर्या तव्यासारखा सपाट. दर्यात खुंट रोवून लावतात ते डोलीचं जाळं खाली खुंटाला अडकलं म्हणून लहू ते सोडवायला उतरला. होडीवर अनंता धरून चौघे होते. लहू खाली गेला आणि आला नाही. आणि हे चौघे काय करत होते? हसत होते. अनंतानं छत्रीच्या जागी वल्हं घेऊन पाणी ढवळलं, अहो कोळीबुवा म्हणून साद घातली, बाकीचे तिघे पोटं धरून बसले. त्यांना ठाऊक होतं ना, लहू दुसऱ्या बाजूनं येणार! असं किती वेळ चाललं ते त्यांनाच माहीत. मग एकाचं हसू थांबलं, मग दुसऱ्याचं. मग चौघांनी पाण्यात उड्या टाकल्या. जाळं सुटलेलं होतं. लहू नव्हता. खालून भरतीची ओढ होती, तिनं कुठं नेलं कोण जाणे.

अनंतानं हे सगुणाला सांगितलं तेव्हा तो उंबऱ्यावर डोकं आपटत होता. ती त्याला काय बोलणार? ती स्वतः होडीवर असती तर तीही आधी शिव्याच देत बसली असती.

आठवडाभर होड्यांनी दर्या पालथा घातला. मनोरीपासून पार वसईपर्यंत निरोप गेले. प्रेत लागलं नाही. आणि प्रेत लागलं नाही म्हणून सगुणानं ठरवून टाकलं की तो आहे. काही अगदीच खुळी आशा नव्हती ती. गावातला गुणाजी नव्हता का असाच वाहून गेला? त्याला गुजरातच्या होडीनं उचललं, आणि हा बाबा महिन्यानं दाढी वाढवून दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या बायकोला भोवळ आली. मग लहू का नाही येणार? त्याचा दम तर गुणाजीच्या तिप्पट. ती रोज किनाऱ्यावर जायची, परक्या होडीवाल्यांना विचारायची, रात्रीचं त्याचं ताट वाढून ठेवायची. मंजुळा ते ताट सकाळी मुकाट्यानं उचलायची. तिनंही एके काळी अशी ताटं वाढली होती.

जून गेला, जुलै निम्मा सरला. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवलेल्या, माणसं घरात बसलेली, आणि बसलेल्या माणसांना विचार सुचतात. नारळी पौर्णिमा जवळ आली. दर्याला नारळ द्यायचा, होड्या परत लोटायच्या. जमातीची बैठक बसली. धोंडिराम पाटील वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्यावर सगळं गाव. मेलेल्याचे दिवस झाल्याशिवाय, त्याचं पाणी सोडल्याशिवाय गावानं दर्यात होडी लोटायची कशी, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे. आणि सगुणानं बांगड्या फोडायच्या.

हे सांगायला पाटील स्वतः आला. मान खाली घालून बोलला. सगुणानं सगळं ऐकून घेतलं आणि उजवा हात त्याच्यापुढं धरला. "या हातच्या दर्यानं घेतल्या, पाटील. घेतल्या ना? मग त्यानं आधी त्याचा शब्द पाळायचा. डाव्या हातच्या मी फोडणार नाय."

पाटील उठून चालता झाला. पण जमातीपुढं एकट्या बाईचं काय चालतं? दोन दिवसांनी परत निरोप आला, पौर्णिमेच्या आधी उरकायचं.  एकदा पुतळा जळला की लहू आला तरी भूत म्हणून येणार, असं सगुणाच्या मनानं घेतलं. झोप नाही, अन्न नाही. आणि अशा शिणलेल्या डोक्यात तिला एक सुचलं. गावानं त्याला एकदा परत बघितलं तर? तो खाली जातो आणि वर येतो, हे सगळ्यांनी एकत्र बसून बघितलं, पहिल्यासारखे हसले, तर मग पुतळा जाळायची कुणाची छाती होईल? ज्या माणसाला बघून आत्ता हसलात त्याचं पाणी कसं सोडाल?

ती पाटलाकडे गेली आणि म्हणाली, टीव्हीवर त्याचा खेळ परत लागेल. सगळ्या गावानं यायचं. तो बघून झाल्यावरही तुम्ही म्हणालात की करायचं, तर मी हात पुढं करीन. पाटलाला वाटलं, टीव्हीवाले काय हिच्या बापाचे नोकर आहेत? तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खाडीवरच्या तरीनं वेसावा, तिथून बस बदलत बदलत वरळी. टीव्हीच्या कचेरीच्या फाटकावर रखवालदारानं तिला अडवलं. त्याला वाटलं म्हावरं विकायला आली. तिनं सांगितलं, मला साहेबाला भेटायचंय. कुठल्या? कुठल्याही. त्यानं हाकललं. ती फाटकासमोर बसली. संध्याकाळी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन बसली. आतबाहेर करणारी माणसं तिच्याकडे बघायची, कुणी नाकाला रुमाल लावायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी चंद्रप्रकाश तिच्यासमोर थांबला. शूटिंगच्या वेळी मढला आला होता तो, कॅमेऱ्यावाल्याचा हाताखालचा माणूस. त्यानं तिच्याच घरी बसून कालवण-भात खाल्ला होता.

"वहिनी, तुम्ही इथं? लहूभाऊ कसे आहेत?"

सगुणानं त्याच्याकडे बघितलं. खरं सांगितलं तर हा हळहळेल, पाठीवर हात ठेवील आणि मेलेल्या माणसाची विनोदी नाटिका कशी दाखवायची म्हणून ती फिल्म कपाटात ठेवून देईल, हे तिला लख्ख दिसलं. "बरे हायत," ती म्हणाली. "दर्यावर गेलेत."

मग तिनं त्याला सांगितलं की गावातली माणसं मागं लागलीत, पावसात घरी बसून कंटाळलीत, त्यांना परत हसायचंय. चंद्रप्रकाश खूश झाला. म्हणाला, अहो ते आमच्याकडेही सगळ्यांना आवडतं, मी स्वतः किती वेळा बघितलंय, आणि अजून साहेब खिसे चाचपायला लागला की मला आवरत नाही. त्यानं आत जाऊन कुणाकुणाला गळ घातली. बाहेर आला तो हसतच. पुढच्या बुधवारी, संध्याकाळी साडेसातला. लहूभाऊंना माझा नमस्कार सांगा, म्हणाला. सांगते, सगुणा म्हणाली, आणि बसथांब्याकडे निघाली.

बुधवारी हॉल भरला. एरवी पोरं पुढच्या जागेसाठी भांडायची, त्या दिवशी मुकाट बसली. मंजुळा टीव्ही बघायला कधी येत नसे. डोळ्यांना त्रास होतो म्हणायची. ती आली आणि सुनेजवळ बसली. मथुरा भिंतीपाशी तिच्या नेहमीच्या जागी. पाटील खुर्चीवर. अनंतानं कुलूप काढलं, दारं सरकवली, बटण फिरवलं आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता.

सुरुवातीला साहेबाच्या घरातली भांडणं होती. बायको म्हणते महाबळेश्वर, साहेब म्हणतो मढ. दोन-चार जण हं हं करून हसले, म्हणजे नाकातून वारा सोडला. सगुणाला तेवढ्यानंही धीर आला. मग होडी आली. मग ओहोटीचं पाणी आलं, आणि त्या पाण्यात लहू उभा होता.

तो उजवा खांदा किंचित उचलून उभा राहायचा. हे ती विसरली होती! अडीच महिन्यांत ती त्याचा खांदा विसरली होती. घरातल्या फोटोत तो नवरदेव होऊन लाकडासारखा ताठ बसलेला, आणि इथं तो हलत होता, डोळे बारीक करून साहेबाच्या पोटाकडे बघत होता आणि आता हे धूड उचलायचं कसं असं तोंड करत होता.  तिला वाटलं आत्ता हसतील. साहेब होडीतून उतरायच्या आधीच हसतील म्हणाला होता ना तो?

साहेब उतरला. लहू चार पावलं चालला. पडला. पाणी मिटलं.

"अहो कोळीबुवा?" साहेब म्हणाला.

हॉलमध्ये कुणाचा श्वास ऐकू येईना. पाऊस तेवढा ऐकू येत होता. साहेबानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यानं छत्रीनं पाणी ढवळायला घेतलं तसा अनंता कोपऱ्यातून धडपडत पुढं आला आणि त्याचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नको," सगुणा म्हणाली.

तो तिथंच थिजला. टीव्हीच्या उजेडात त्याचं तोंड राखेसारखं दिसत होतं. सगुणानं मागं वळून सगळ्यांकडे बघितलं. माणसं जमिनीकडे बघत होती. बायकांनी पदर तोंडात कोंबले होते. ज्या पोरांना काही कळत नव्हतं त्यांनी आयांच्या तोंडाकडे बघून ओठ मिटले होते.

"हसा ना," ती म्हणाली. कुणी हललं नाही. "अरे हसा ना. तो खाली हाय. तुम्हाला म्हायत हाय ना तो खाली हाय?"

पाटील खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला.

"मथुरे, तू हस गो. तू हसलीस की सगळे हसतात. एकदा हस. तुझ्या पाया पडते मी, मथुरे, एकदाच हस."

मथुरानं प्रयत्न केला, देवाशप्पथ केला. घशातून ती गुरगुर निघाली, अंग हलायला लागलं, आणि मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हंबरडा फोडला. त्याबरोबर सगळ्या बायका रडायला लागल्या. पुरुष उठून पाठ करून उभे राहिले. त्या गदारोळात लहू वर आला. साहेबाच्या पाठीमागून, सावकाश, नाकावर चष्मा लावून. एवढ्या भरल्या हॉलमध्ये त्याला वर येताना बघितलं ते फक्त त्याच्या आईनं आणि बायकोनं.

"साहेब, कोनाला शोधता?" त्यानं विचारलं.

मंजुळानं सुनेचा दंड घट्ट धरला. "आला गो," ती कुजबुजली. "वर आला बघ माझा बाबा."

सगुणानं हसायला म्हणून तोंड उघडलं. एकटीनं का होईना, त्याच्यासाठी हसायला हवं होतं. आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता. तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. पडद्यावर साहेबाची बायको ओरडत आली आणि लहू कडेनं निघून गेला. त्यानंतर त्याचं काम नव्हतं.

अनंतानं बटण बंद केलं. दारं सरकवायचं काही त्याला जमेना. सगुणा उठली, बसलेल्या माणसांमधून वाट काढत पाटलासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं डावा हात पुढं केला.

 सगुणा, तो आमच्या सगळ्यांचा होता, असं काहीतरी पाटील पुटपुटला. राहू दे आता, पौर्णिमा झाल्यावर बघू, मी म्हाताऱ्यांना सांगतो, असंही म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायचं त्याला भान नव्हतं. आदल्या दिवशी त्यानं हे म्हटलं असतं तर तिनं त्याचे पाय धरले असते.

"नको," ती म्हणाली. "उद्याच उरका."

"अगं पण..."

"तुमच्यातला एकपन हसला नाय, पाटील. म्हंजे तो येत नाय."

तिचा हात तसाच पुढं होता. पाटील त्याला हात लावीना, तेव्हा मंजुळा पुढं आली. तिनं तो हात आपल्या हातात घेतला आणि सुनेला घरी घेऊन गेली.